मेंदूच्या तासाला आडवा पडलेला माणूस

"मामा, जरा आडवे पडा बघू."

सर असे म्हणाले आणि मी आडवा पडलो.

वर्गात साठ मुले होती. पडद्यावर एका विनोदी चित्रपटातला नोकर जमिनीवर तडफडत होता. त्याच्या तोंडाला फेस आला होता. मालकाच्या घरातली माणसे त्याच्याभोवती धावत होती. एका बाईने पायातली वहाण काढून त्याच्या नाकाला लावली. तो शिंकला, उठून बसला आणि नाचू लागला. वर्ग हसला. सरांनी चुटकी वाजवली आणि मी चित्रपट थांबवला. चुटकी वाजली की थांबवायचे, पुन्हा वाजली की पुढे न्यायचे. चित्रपटाच्या तासाला माझे काम तेवढेच होते.

"आता हेच लाइव्ह बघू," सर म्हणाले. "मामा, या पुढे. तुम्ही पेशंट."

मी पुढे गेलो आणि फरशीवर पडलो. एका मुलाने पायातला बूट काढला.

"सर, माझा नको हां. दोन दिवस मोजे धुतले नाहीत."

"मग तोच आण. स्टिम्युलस स्ट्राँग पाहिजे!"

हशा. तो बूट माझ्या नाकाला लागला.

"हातपाय हलवा ना, मामा. थोडी ॲक्टिंग करा."

मी हातपाय हलवले. कपाळावर सकाळच्या पूजेचे गंध होते. ते बुटाच्या टोकाला लागले, हे मला स्पष्ट दिसले.

मग सर वर्गाकडे वळले आणि गंभीर स्वरात म्हणाले, "हे कधीही करायचं नाही. फिट आलेल्या माणसाला चप्पल, कांदा, काहीही हुंगवायचं नाही. ही अंधश्रद्धा आहे. लिहून घ्या." मुलांनी लिहून घेतले. मी अजून खालीच होतो. मला उठा म्हणायचे कोणाला सुचले नाही.

जोडा हुंगवू नये हे शिकवण्यासाठी माझ्या नाकाला जोडा लावण्यात आला.

आणि त्या खोलीत एक गोष्ट कोणालाही ठाऊक नव्हती. मला अपस्मार आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून आहे.

भिवंडीतल्या एका महाविद्यालयात, मानसशास्त्र विभागात, मी परिचर आहे. साध्या भाषेत शिपाई. वय एकोणसाठ. गाव दिघाशी. आम्ही कुणबी. भाताची थोडी शेती होती, ती आज भावाकडे आहे. लहानपणी एकदा ऐकलेले स्तोत्र मला पाठ होत असे. म्हणून वडिलांनी मला गणेशपुरीच्या बाजूला एका पाठशाळेत ठेवले. तिथे राहिलो. पहाटे उठलो, विहिरीचे पाणी शेंदले, शब्दांची रूपे घोकली. दोन वर्षे मी पहिल्या ओळीत बसत होतो. बाराव्या वर्षी एका सकाळी पाठ म्हणता म्हणता मी कोसळलो. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी वहाण होती, आणि आचार्य कोणाला तरी सांगत होते, "कुणब्याच्या जिभेला संस्कृत लावले, की डोके असेच फिरायचे."

दुसऱ्या दिवसापासून मला ओसरीच्या बाहेर बसवले. बाहेर बसून ऐकायचे. ऐकायला मनाई नव्हती, दिसायला होती. पुढची चार वर्षे मी तिथेच बसलो आणि जे आत शिकवले गेले ते सगळे कानाने शिकलो. देव मी सोडला नाही. मला बाहेर देवाने बसवले नव्हते, माणसांनी बसवले होते. हा भेद मला त्या वयातही कळत होता. तरी मी आचार्यांना रोज वाकून नमस्कार करत राहिलो. गुरूच्या आज्ञेचा विचार करायचा नसतो, ती पाळायची असते, हे माझ्या हाडांत इतके मुरवले गेले होते, की अपमान आणि आज्ञा यांत फरक असतो, हेच मला कधी समजले नाही.

पुढे डॉक्टर मिळाले, गोळ्या मिळाल्या, नोकरी मिळाली. आकड्या जवळजवळ थांबल्या. नोकरीत कोणाला सांगितले नाही. विभागातल्या लहान भांडारखोलीत उभे राहून मी दिवसातून दोनदा गोळी घेत आलो आणि कोणी पाहिलेच, तर "पित्ताची आहे," असे सांगत आलो. तीस वर्षे. नित्य संध्या करणारा माणूस दिवसातून दोनदा असत्य बोलत होता.

हे सर सहा वर्षांपूर्वी आले. ठाण्याहून रोज गाडीने येत. कशेळीच्या पुलावर अडकले, की फोन करत, "मामा, प्रोजेक्टर लावून ठेवा, मी पोचतोच." मेंदूचे शास्त्र ते चित्रपटांतून शिकवत. ही पद्धत त्यांनी स्वतः बसवली होती. एका चित्रपटात डोक्यावर घाव बसून नायिकेची स्मृती जाते आणि दुसरा घाव बसताच परत येते. सर चुटकी वाजवत, चित्रपट थांबे आणि ते विचारत, "काय खोटं आहे यात? पकडा." मग मेंदूचा कोणता भाग आठवणी जपतो, दुसऱ्या घावाने तो बरा का होत नाही, उलट आणखी का बिघडतो, हे ते सांगत. मुले जागी राहत. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्मलेली ती मुले, पुस्तक उघडताच डोळे मिटणारी, या तासाला पुढच्या बाकासाठी भांडत.

मागे स्टुलावर बसून मीही ऐकत होतो. सहा वर्षांत प्रत्येक प्रसंग मी इतक्या वेळा लावला, की सरांचे व्याख्यान मला पाठ झाले. माझ्या स्वतःच्या डोक्यात काय घडते, हे मला साठीच्या उंबरठ्यावर प्रथम कळले. पेशींमधली वीज एकदम, एका ठेक्यात उसळते. भूतबाधा नाही, पाप नाही, कुणब्याची जीभ नाही. ज्या दिवशी हे ऐकले, त्या दिवशी भांडारखोलीत जाऊन मी रडलो. पुढच्या गुरुपौर्णिमेला सरांच्या टेबलावर मी जास्वंदीचे फूल ठेवले. मेंदूची प्लास्टिकची प्रतिकृती मी रोज सकाळी पुसत असे आणि पुसून झाल्यावर तिला हात जोडत असे. मुले म्हणत, "मामा, आज मेंदूला नैवेद्य काय?" मी हसत असे.

म्हणून मी आडवा पडलो. दुसरे कारण नाही. हा माणूस माझा गुरू आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

कोणीतरी त्या दिवशी चित्रण केले. ते चौथ्या दिवशी गावात पोहोचले. दिघाशीच्या थांब्यावर एकाने मला मोबाइल दाखवला. "बाबा, तुमी तं गाजलाव! परत एकदा करून दाखवा ना!" आठ-दहा जण हसले. त्यातल्या दोघांना माझा आजार ठाऊक होता. तेही हसले.

घरी बायकोने ते पाहिले. ती माझ्यावर ओरडली नाही. एवढेच विचारले, "त्यानं पड सांगितला नि तुमी पडलाव?"

"सरांनी सांगितले."

"आन उंद्या मर सांगल तं?"

तिने मोबाइल पालथा ठेवला आणि ती भांडी घासायला गेली.

पुढच्या महिन्यात दुसरा चित्रपट होता. त्यात नाचघराचे दृश्य होते, लखलखणारे दिवे, काळोख, पुन्हा दिवे. खिडक्यांचे पडदे मीच ओढले होते. दृश्य सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी घशातून विचित्र आवाज काढत बाकासकट कलंडली. तिचे नाव मी लिहिणार नाही. ती शांतिनगरच्या बाजूने येते, वडील यंत्रमागावर काम करतात, एवढे पुरे.

तो आवाज मला ओळखीचा आहे. आकडीच्या आधी घशातून जो आवाज निघतो, तो कोणताही नट काढू शकत नाही.

मी दिवे लावले. वर्गात पळापळ. एक मुलगा खरोखर बूट काढू लागला. तोच वर्ग, तोच धडा, वहीत लिहून घेतलेला. मी त्याचा हात झटकला. बाके सरकवली, तिला कुशीवर केले, तिचा दुपट्टा घडी करून डोक्याखाली ठेवला. तोंडात काही घातले नाही. हातपाय दाबून धरले नाहीत. घड्याळाकडे पाहत राहिलो. हे सगळे मला सरांनीच शिकवले होते, शब्दाला शब्द. आणि सर कुठे होते? मी मान वर केली. सर टेबलाजवळ उभे होते. हातात मोबाइल. तो मोबाइल तिच्याकडे रोखलेला.

"सर, बंद करा," मी म्हणालो.

"एक मिनिट, मामा. हे असं रिअल कुठे मिळतं?"

ती शुद्धीवर आली. कपडे ओले झाले होते. मी मुलांना बाहेर काढले, मुलींना तिच्याभोवती उभे केले. तासाभराने ती भांडारखोलीच्या दाराशी आली. चेहरा पांढरा. "मामा, कल गोली छूट गई थी," ती म्हणाली. मग मराठीत, हळू, "घरचे सोडून कोणाला माहीत नाही. मोहल्ल्यात कळलं ना, तर अब्बू कॉलेज बंद करतील. वो बोल के रखे हैं. सरांकडे व्हिडीओ आहे. मामा, किसी को मत दिखाने देना."

मी खिशातली माझी गोळ्यांची पट्टी काढून तिला दाखवली. तिने ती पाहिली. नाव वाचले. माझ्याकडे पाहिले. तीस वर्षांत घराबाहेरच्या माणसाला मी प्रथमच खरे सांगितले, आणि तेही बोलून नाही.

"सांगतो मी सरांना," मी म्हणालो.

सांगितले. सर हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, टेन्शन घेऊ नका. चेहरा कुठे नीट दिसतोय? आणि पुढच्या आठवड्यात कॉलेज तपासायला कमिटी येतेय. आधी सिनेमातला सीन, लगेच आपली रिअल क्लिप. बघा काय इम्पॅक्ट येतो. सिनेमा खोटं दाखवतो, आम्ही खरं दाखवतो."

"सर, तिची परवानगी नाही."

"तुम्ही प्रोजेक्टर सांभाळा, मामा. एथिक्स मी सांभाळतो."

चेहरा दिसत होता. मी ती क्लिप पाहिली, कारण ती संगणकावर चढवायचे कामही माझेच होते. चेहरा दिसत होता, दुपट्टा दिसत होता, ओली सलवार दिसत होती. आणि मागून एका मुलाचा हसण्याचा आवाज. मी ती पुसू शकलो असतो. पण मूळ प्रत सरांच्या मोबाइलमध्ये होती, आणि चोरून पुसणे म्हणजे पुन्हा ओसरीबाहेर बसून ऐकणे झाले असते. मला आता आत जायचे होते.

आठवडाभर मी कसा जगलो, ते सांगत नाही. जपाला बसलो, की मणी पुढे सरकत नसे. बायकोला सांगितले. ती म्हणाली, "पोरीला शबूद दिलाव ना? मंग इचार कसला?" आठ महिन्यांवर आलेली निवृत्ती, लोकांचा आदर, विभागाची शाल, हा सगळा विचार माझाच होता. तिचा नव्हता.

समिती आली. तिघे जण, पहिल्या रांगेत. शेजारी प्राचार्य. मागे प्राध्यापक आणि निवडक विद्यार्थी. ती मुलगी त्यांत नव्हती. तिला त्या दिवशी बोलावलेच नव्हते. सरांचे भाषण उत्तम झाले. ते नेहमीच उत्तम होते. पहिली चुटकी वाजली आणि मी विनोदी चित्रपटातले ते दृश्य लावले. समिती हसली. वर्ग हसला होता तशीच.

दुसरी चुटकी.

मी रिमोटचा हात मांडीवर ठेवला.

पुन्हा चुटकी. पुन्हा. सर हसत म्हणाले, "मामा, झोपलात का? ध्यान लागलं वाटतं. आमचे मामा संस्कृत पंडित आहेत, बरं का!" सभागृहात हशा.

मी उठलो. मधल्या वाटेने पुढे चालत गेलो. संगणकाजवळ पोहोचलो आणि त्याच्यावर हात ठेवून उभा राहिलो.

"सर, ही क्लिप लागणार नाही."

"मामा, काय चाललंय?"

"ज्या मुलीची ती आहे, तिने नको म्हटले आहे. तुम्हाला मी सांगितले होते."

"नंतर बोलू. बाजूला व्हा."

"नंतर नाही. महिन्यापूर्वी तुम्ही मला वर्गात आडवे पाडले आणि नाकाला जोडा लावलात. मला अपस्मार आहे, सर. सत्तेचाळीस वर्षे. आजार असलेला माणूस पाहायचाच असेल, तर हा मी उभा आहे. मला प्रश्न विचारा. उत्तरे देतो. पण ती क्लिप लावायची, तर मला इथून उचलून बाजूला टाकावे लागेल. या वेळी मी आपणहून पडणार नाही."

मी ओरडलो नाही. पाठ म्हणतात त्या आवाजात बोललो, प्रत्येक अक्षर वेगळे. एकानेही प्रश्न विचारला नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी घड्याळ पाहिले आणि चहाची वेळ झाल्याचे सुचवले. सगळे उठले. सर माझ्या जवळून जाताना दात आवळून म्हणाले, "तुमच्यासाठी काय नाही केलं मी?"

हा प्रश्न मी नंतर पुष्कळ तपासला. त्यांनी मला माझा मेंदू समजावला, हे सत्य आहे. त्याबद्दल मी कृतघ्न होणार नाही. परंतु ते ज्ञान त्यांनी मला दिलेले नव्हते. ते मुलांना देत होते, मी मागे बसून घेतले. मी तिथे आहे, ऐकतो आहे, हे त्यांना सहा वर्षांत कळले नाही. चुटकी कळणारा कोणी मागे बसला आहे, एवढेच कळले. मीही चुकलो. ज्ञानाला नमस्कार करायचा होता, मी माणसाला केला. पाठशाळेतही हीच चूक केली होती. माझी आयुष्यभराची भक्ती मी अशा पायांवर ठेवली, जे पाय माझ्याकडे न पाहता पुढे जात होते.

तिसऱ्या दिवशी मला पत्र मिळाले. वरिष्ठांशी गैरवर्तन. कार्यक्रमात व्यत्यय. आणि तिसरे कलम: आजार लपवून नोकरी केली, याचा लेखी खुलासा करावा. सरांना कसलेही पत्र गेलेले नाही.

प्राचार्यांनी मला बोलावले. बसायला खुर्ची दिली. तीस वर्षांत पहिल्यांदा. "मामा, चार ओळींची माफी लिहा. विषय संपला. आठ महिन्यांनी सन्मानाने निवृत्त व्हा. शाल, श्रीफळ, सगळं व्यवस्थित करू. या वयात कशाला?"

"माफी कशाची, साहेब?"

"अहो, शब्द काय, काहीही लिहा."

मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "शब्दांविषयी मी असे बोलू शकत नाही."

ती मुलगी वर्गाला येते. माझ्याकडे पाहत नाही. पाहिले, तर लोक जोडतील, तिच्या आणि माझ्या आजाराचा धागा लावतील. म्हणून पाहत नाही. योग्य करते. तिने माझे आभार मानलेले नाहीत आणि मला ते नको आहेत. तिची क्लिप आजही सरांच्या मोबाइलमध्ये आहे, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

भांडारखोलीत उभे राहून गोळी घेणे मी थांबवले आहे. आता विभागात, सर्वांसमोर, पाण्याच्या पेल्यासह घेतो. कोणी विचारले, तर आजाराचे नाव सांगतो. एक तरुण प्राध्यापक म्हणाले, "मामा, जरा आत जाऊन घ्या ना, मुलं बघतात." मी म्हणालो, "बघू द्या. बघण्यासाठीच घेतो."

खुलासा लिहिला आहे. शुद्ध मराठीत, स्वच्छ अक्षरांत, दोन पाने. आजार लपवला, हे मान्य केले आहे. का लपवला, तेही लिहिले आहे, त्या पाठशाळेपासून त्या फरशीपर्यंत, कोणालाही न वगळता. माफीचा शब्द त्यात नाही. तळाशी पूर्ण नाव घातले आहे, आडनावासकट, आणि पदाच्या जागी "शिपाई" असे लिहिले आहे.

चौकशी सोमवारी आहे. सकाळची पूजा करून जाईन. ते जे विचारतील, त्याचे खरे उत्तर देईन. त्यांचे प्रश्न संपले, तरी मी उठणार नाही. मग मी विचारणार आहे. ती क्लिप कोणाकोणाकडे आहे? ती पुसल्याचे लेखी कोण देणार? कधी देणार? उत्तर मिळेपर्यंत मी त्या खोलीतून हलणार नाही, आणि मला हलवायचे असेल, तर ते त्यांना सर्वांदेखत करावे लागेल.